‘सध्या अडकलेत’ : मराठी घरातल्या बचतीची एक उकल

उसने मागायला दारात आलेल्या माणसाला ‘देत नाही’ असे मराठी माणूस सहसा म्हणत नाही. ‘दिले असते हो, पण सध्या सगळे अडकलेत,’ असे म्हणतो. यातले खरे किती आणि सबब किती हे ऐकणाऱ्याला साधारण कळते. तरी तो राग धरत नाही. चहा पिऊन, इकडचे तिकडचे बोलून निघतो. दोघांचीही अब्रू राहते. पैसे प्लॉटमध्ये अडकलेले असतात, मुदत ठेवीत, भिशीत, नाहीतर गावच्या घराच्या कामात. पैसा हवा तेव्हा मोकळा न होणे हा बँकेच्या भाषेत गुंतवणुकीचा दोष. घरात मात्र वडीलधारे नेमका तोच सल्ला देतात : ‘हातात ठेवू नकोस, कुठेतरी अडकवून टाक.’

हे अडकवणे कोणापासून, असा प्रश्न विचारला की बचतीच्या नेहमीच्या चर्चेतले बरेच काही वेगळे दिसू लागते. माणूस किती वाचवतो हे त्याच्या मिळकतीवर ठरत असेल. तो कशात वाचवतो, पैशाला कोणते रूप देतो, हे मात्र मोठ्या प्रमाणात ठरते ते त्या पैशावर कोणाकोणाचा मागण्याचा हक्क पोहोचतो यावर. नवरा, सासू, दीर, पुतण्या, गावकी, देऊळ आणि आपले स्वतःचे चंचल मन हे सगळे या हक्कदारांत येतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे. पुढे त्याची उदाहरणे आहेत.

अर्थशास्त्राने बचतीचा विचार पुष्कळ केला. केन्सने १९३६ च्या आपल्या ग्रंथात माणूस पैसा का राखून ठेवतो याची आठ कारणे मोजली. त्यांत अडीअडचणीची तरतूद, म्हातारपणाची सोय, स्वतंत्र राहण्याची इच्छा, वारसांसाठी काही ठेवणे हे सर्व आहे आणि शेवटी निव्वळ कंजूषपणाही आहे. पुढे मोदिल्यानी आणि ब्रुमबर्ग यांनी १९५० च्या दशकात असे मांडले की माणूस उमेदीत साठवतो आणि उतारवयात ते खातो. आयुष्यभराचा खर्च साधारण सारखा राहावा अशी त्याची धडपड असते. मोदिल्यानींना १९८५ साली नोबेल मिळाले त्यात या कामाचा वाटा मोठा होता. हे सिद्धान्त चुकीचे नाहीत. पण त्यांतला बचत करणारा माणूस खोलीत एकटा बसलेला असतो, समोर त्याचे स्वतःचे भविष्य. दार कोणी ठोठावत नाही.

आपल्याकडे दार ठोठावले जाते, आणि ठोठावणारा उपरा नसतो. पुतण्याची फी भरायची आहे म्हणून येणाऱ्या भावाने कधीकाळी आपल्या फीसाठी शेतात राबलेले असते. त्याच्या मागण्याला पूर्वी दिलेल्याची बैठक आहे. एकत्र कुटुंबात हा केवळ भावनेचा भाग नव्हता, कायद्याचाही होता. कुटुंबाच्या खर्चाने शिकलेल्या माणसाची कमाई त्याची एकट्याची की सगळ्या घराची, यावर हिंदू कायद्यात दीर्घ काळ वाद चालला. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने एका आयसीएस अधिकाऱ्याच्या बाबतीत असा निर्णय दिला की शिक्षण घराच्या पैशाने झाले असल्याने त्याची कमाईही घराची. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी त्याविरुद्ध कायदा आणण्यासाठी खटपट केली आणि १९३० साली ‘हिंदू गेन्स ऑफ लर्निंग अॅक्ट’ मंजूर झाला. विद्येच्या बळावर मिळवलेले धन ज्याचे त्याचे, हे तेव्हा ठरले. शंभर वर्षेही झाली नाहीत याला. कायदा बदलला म्हणून भावकीच्या मनातला हिशोब त्या दिवशी बदलला असे समजायचे कारण नाही.

*

भिशीपासून सुरुवात करू, कारण तिच्यात ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसते. दहा जणी दरमहा दोन-दोन हजार काढतात, वीस हजार जमतात, चिठ्ठी निघते आणि एकीला ते मिळतात. दहा महिन्यांत प्रत्येकीचा नंबर एकदा लागतो. काही ठिकाणी चिठ्ठीऐवजी बोली लागते : ज्याला गरज जास्त, तो रकमेवर पाणी सोडून आधी उचलतो. पश्चिम महाराष्ट्रात आठवड्याला वर्गणी काढून दिवाळीच्या तोंडावर वाटून घेणारी भिशी मंडळे आहेत. त्या पैशांतून फराळ, कपडे आणि वर्षातून एकदा व्हायची मोठी खरेदी होते. आफ्रिकेपासून जपानपर्यंत हा प्रकार वेगवेगळ्या नावांनी आढळतो. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये त्यावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. शेतीच्या जगातून व्यापाराच्या जगात जाताना लागणारी ही मधली पायरी आहे, बँका आल्या की ती मागे पडेल, असा त्यांचा सूर होता.

बँका आल्या, भिशी गेली नाही. हिशोबाने पाहिले तर हे कोडेच आहे. पहिल्या महिन्यात ज्या बाईला चिठ्ठी लागली तिला बिनव्याजी कर्ज मिळाले हे खरे, पण शेवटच्या महिन्यात जिचा नंबर लागला ती नऊ महिने इतरांना बिनव्याजी पैसे पुरवत आली. पोस्टात ठेवले असते तर तिला चार पैसे व्याज मिळाले असते. आणि तरी पुढच्या फेरीला ती पुन्हा हजर असते.

याचे उत्तर नैरोबीच्या किबेरा वस्तीत शोधले गेले. सिवान अँडरसन आणि जाँ-मारी बालाँ या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या भिशीगटांचा अभ्यास करून २००२ मध्ये निबंध लिहिला. गटांत बहुसंख्य बाया होत्या, आणि नवऱ्याबरोबर राहून कमावणाऱ्या बायांचा कल भिशीकडे अधिक होता. त्यांची सर्वांत बोलकी नोंद पुढची आहे. घरच्या मिळकतीत बाईचा वाटा जसा वाढतो तसे भिशीत जाण्याचे प्रमाण आधी वाढते आणि एका टप्प्यानंतर कमी होत जाते. जिची स्वतःची मिळकत नाही तिच्याजवळ बाजूला काढायला काही नसते. जिच्या मिळकतीवरच घर चालते तिला विचारणारा कोणी नसतो. मधल्या बाईला मात्र पैसा घरातून हलवावा लागतो, कारण घरात राहिला तर तो नवऱ्याच्या आवडीच्या गोष्टीत जाईल. भिशी तिच्यासाठी व्याजाचा धंदा नाही. भिशी म्हणजे पैशाला घराबाहेरचा पत्ता.

आपल्याकडची कोणतीही भिशीवाली बाई हे ऐकून म्हणेल, यासाठी नैरोबीला कशाला जायला हवे होते! ‘हप्ता आहे, मोडता येत नाही, बाकीच्या काय म्हणतील,’ या तीन तुकड्यांनी ती घरातली कोणतीही मागणी परतवते. नकार तिचा नसतो, दहा जणींचा असतो. मराठीत भीड नावाची जी चीज आहे, जिला म्हणीने भिकेची बहीण ठरवले, तिच्यावर भीडेचाच उतारा इथे शोधलेला दिसतो : नातेवाइकांची भीड मैत्रिणींच्या भीडेने कापायची. (भिशी बुडतेही. चिटफंडांसाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे, पण घराघरांतल्या भिश्या त्याच्या वहीत कुठेच नसतात. चालवणारी व्यक्ती गाव सोडून गेली तर कोर्टात दाखवायला कागद नसतो. बायांना हा धोका ठाऊक असतो. घरातला धोका त्यांना त्याहून मोठा वाटतो, हेच तर सांगायचे आहे.)

पैसा अडकवून ठेवण्यासाठी माणसे केवळ व्याज सोडत नाहीत, वरून पैसे मोजतात. स्टुअर्ट रदरफर्ड यांनी विजयवाड्याच्या झोपडवस्तीत घरोघर फिरून बचत गोळा करणाऱ्या एका बाईची हकीकत नोंदवली आहे. ती गिऱ्हाइकाला २२० चौकटींचे कार्ड देते. रोज पाच रुपये दिले की एक चौकट भरते. कार्ड भरले की ११०० रुपये होतात. त्यातले १००० ती परत करते आणि १०० आपली मजुरी म्हणून ठेवते. सरासरी साडेपाचशे रुपये सात-सव्वासात महिने तिच्याकडे राहिले असे धरले तर वर्षाला सुमारे तीस टक्के व्याज गिऱ्हाईकच भरते, तेही स्वतःच्या बचतीवर. सुशिक्षित माणसाला हा अडाणीपणा वाटतो. पण त्या वस्तीतल्या आईच्या दृष्टीने शाळेच्या फीच्या दिवशी हजार रुपये एकरकमी हातात असणे आणि कधीच नसणे यांतली निवड आहे, आणि त्यासाठी शंभर रुपये मजुरी काही फार नाही.

दारावर येणाऱ्या माणसाची ही ताकद बँकांनीही ओळखली होती. उडुपीच्या ज्या संस्थेची पुढे सिंडिकेट बँक झाली तिने १९२८ मध्ये रोज दोन आणे गोळा करणारी ‘पिग्मी’ ठेव सुरू केली. महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ती उचलली आणि पिग्मी एजंट हा बाजारपेठेतला नेहमीचा माणूस झाला. तो दुकानात येतो ती वेळ पाहण्यासारखी आहे : संध्याकाळी, गल्ल्यात पैसे असताना, ते घरी जाण्याच्या आधी.

*

सोन्याबद्दल बोलताना मराठी लेखक दोन टोकांना जातात. एक तर हौस, नाहीतर अडाणी गुंतवणूक. सरकारनेही सोन्याशी बरीच झुंज घेतली. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवण्यावर बंदी आली, सोनारांचे संसार उघड्यावर पडले. १९६८ चा कायदा १९९० मध्ये मागे घेतला गेला आणि लोक सोने घेतच राहिले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या घरगुती अर्थव्यवहारांवरील समितीच्या २०१७ च्या अहवालानुसार सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेत घर, जमीन आणि इतर वस्तूंचा वाटा ८४ टक्के, सोन्याचा ११ टक्के आणि बँक, विमा, शेअर वगैरे सगळ्यांचा मिळून ५ टक्के. अडकवलेल्या पैशाचे याहून स्पष्ट चित्र मिळणार नाही.

दागिना आणि नाणे यांत आपल्याकडे पूर्वी फारसे अंतर नव्हते. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्यापारातून आलेल्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आली. दोऱ्यात ओवली की दागिना, दोरा तोडला की पैसा. ज्यांना घडणावळीचे पैसे वाया घालवायचे नसत ते सोनाराकडून वेढणी घेत. तिच्यात कारागिरी नाही, सोनेच सोने. पण बहुतेक बायका वेढणीपेक्षा पाटल्या पसंत करत आल्या, जरी पाटल्या मोडताना घडणावळ जाते आणि सोनार तूटही धरतो. हे नुकसान विजयवाड्याच्या शंभर रुपयांच्या जातीचे आहे. वेढणी कपाटात असते, ती कोणीही मागू शकतो. पाटली हातात असते. ‘पाचशे रुपये दे’ म्हणणे आणि ‘हातातली पाटली काढून दे’ म्हणणे यांत जे अंतर आहे तेवढे संरक्षण दागिन्याला मिळते. मागणे अशक्य होत नाही, महाग होते. दुखण्यासाठी, शिक्षणासाठी, दिवाळखोरीतून वाचण्यासाठी मागता येते. चैनीसाठी मागायला जीभ रेटत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा करताना सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिने गेले, आणि चित्रपटाच्या इतिहासात आज शंभर वर्षांनंतरही ते नमूद होते. रोख दिली असती तर कोणाच्या लक्षात राहिले असते?

कायदा या बाबतीत बाईच्या बाजूने आहे. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या ताब्यात असले तरी मालकी बायकोचीच. ते सांभाळणारे आहेत, आणि परत देण्यास नकार म्हणजे गुन्हेगारी स्वरूपाचा विश्वासघात. व्यवहारात मात्र पुष्कळ घरांत दागिने सासूच्या कपाटात किंवा नवऱ्याच्या नावच्या लॉकरमध्ये असतात. सणाला काढून मिळतात, सण झाला की परत जातात. अंगावरचे मंगळसूत्र, बांगड्या आणि कानातले एवढेच काय ते खरोखर तिच्या हाती. म्हणून ती अंगावरचे वाढवत राहते.

यात पंचांगाची मदत होते. गुरुपुष्यामृताला गुंजभर तरी सोने घ्यावे, या समजुतीला शहाणी माणसे हसतात. सोने त्या दिवशी स्वस्त मिळत नाही, उलट गर्दी असते. पण घरखर्चातून वाचवलेले पैसे कशासाठी, हे बाईला त्या दिवशी कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मुहूर्त आहे, घ्यायचेच असते. वर्षातून दोन-चारदा येणारा हा योग म्हणजे न चुकवता येणारा हप्ता आहे, आणि तो ठरवणारा पंचांगकर्ता घरातल्या कोणाच्याही भीडेत नाही. सराफांच्या अकरा हप्त्यांच्या योजना याच सवयीवर उभ्या आहेत. (हप्ते अकराच का? माल देण्यापोटी आगाऊ घेतलेली रक्कम ३६५ दिवसांत चुकती झाली नाही तर कंपनीच्या बाबतीत ती ठेव समजली जाते, आणि ठेवींचे नियम लागू होतात. मुहूर्ताइतकाच कंपनी कायदाही सोनेखरेदीचे वेळापत्रक ठरवतो.)

*

आता पुरुषांकडे वळू, कारण मागण्यांना तोंड द्यावे लागते ते केवळ बायांनाच असे नाही. मुंबईच्या गिरणगावात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे कामगार गावाच्या खोल्यांत राहत. एका गावच्या माणसांनी मिळून खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे, जेवायला खाणावळ. गोव्याच्या ख्रिस्ती गावांचे मुंबईतले ‘कूड’ याच धर्तीचे. बोटीवर जाणारा तारवटी आपली पेटी तिथे ठेवून समुद्रावर जाई. राहणे स्वस्त पडे हा एक फायदा. दुसरा फायदा असा की गावाचा डोळा सतत पाठीवर असे. कोण दारूत घालवतो, कोण घरी पाठवतो, हे शिमग्याला गावी गेल्यावर आपोआप कळे. पगाराच्या दिवशी मोह आवरायला याहून कडक यंत्रणा कोणत्याही बँकेला जमलेली नाही.

पण त्याच डोळ्याने मागण्याही वाढत. टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली आणि पुढची शंभर वर्षे कोकणातली कित्येक घरे तिच्यावर चालली. पोस्टमन पैसे घेऊन वाडीत येई तो सगळ्यांच्या देखत. कोणाच्या घरी किती आले हे संध्याकाळपर्यंत सर्वांना माहीत. मनीऑर्डर पुष्कळ घरांत वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे येई, बायकोच्या नावे नव्हे. फॉर्मच्या तळाशी मजकुराला जी चार बोटे जागा असे तिच्यात तिच्यासाठी काही लिहिले तर ते सासऱ्यासमोर वाचून दाखवले जाणार. कमावणारा एक, मालक दुसरा, आणि खर्चाची ओढाताण तिसरीची. या तिसरीने अंड्यांचे, काजूबियांचे, कोंबड्या विकून आलेले पैसे तांदळाच्या डब्यात किंवा कनवटीला ठेवले, तर त्याला लपवाछपवी म्हणावे की लेखाशास्त्र?

कामगारांचे पैसे गावकडच्या घरात आणि जमिनीच्या तुकड्यात अडकत गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि या अडकवण्याची दुसरी बाजू उघड झाली. गावचे घर विकून मुंबईचे भाडे भरता येत नाही, त्यात भावांचे हिस्से. जे पटकन मोकळे झाले ते बायकोच्या अंगावरचे सोने आणि पितळेची भांडी. पुष्कळ कामगार गावी परतले. अडकवलेल्या पैशाने त्यांना पोटापुरते छप्पर दिले, हे विसरू नये. मुंबईत राहिलेल्यांच्या घरी बायांचे डबे, खाणावळी, शिवणकाम यांनी संसार ओढला. खाणावळ चालवणाऱ्या बायांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्येच उभी केली होती. या बाया किराण्यासाठी सावकाराच्या व्याजात बुडलेल्या असत. त्यांना गटाच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे हे मंडळाचे पहिले मोठे काम. हमी म्हणजे पुन्हा तेच : एकमेकींची भीड.

*

लग्नाचा विषय टाळून हा लेख पुरा होणार नाही. लग्नातल्या उधळपट्टीमुळे मराठी शेतकरी बुडतो, हे वाक्य दीडशे वर्षे म्हटले जात आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, ते लोण दख्खनमध्ये पसरले, आणि सरकारने आयोग नेमला. त्या आयोगाने मात्र नमूद केले की लग्न आणि सणांच्या खर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे. कर्जाच्या मुळाशी तो क्वचितच असतो. सारा, पिकाचा भरवसा नसणे, कापसाचा पडलेला भाव आणि कोर्टकचेऱ्या हे त्याहून मोठे. आयोग साहेबांचा होता, तरी आपल्या कित्येक उपदेशकांपेक्षा त्याने शेतकऱ्याचे अंतरंग बरे वाचले असे मला वाटते.

जोतीराव फुल्यांची भूमिका वेगळ्या पायावर होती. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भटाविना, कमी खर्चात लग्ने लागू लागली, तेव्हा आक्षेप खर्चावर होता तितकाच तो पैसा कोणाच्या झोळीत जातो यावर होता. वऱ्हाड्यांना जेवू घालणे आणि दक्षिणा देणे हे दोन्ही खर्चच, पण पहिला फिरून परत येतो.

तो परत कसा येतो हे आहेराच्या वहीत दिसते. लग्नमंडपात एक चोख माणूस वही घेऊन बसतो : अमुक यांच्याकडून एकशे एक, तमुक यांच्याकडून साडी-चोळी, मामाकडून पातेले. भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख घातलेली असते. ही वही जपून ठेवतात. पुढे त्या घरी कार्य निघाले की पान उघडून पाहतात आणि मागच्या आकड्याला थोडी भर घालून परत करतात. म्हणजे लग्नात आलेला आहेर हे कर्ज आणि गेली वीस वर्षे इतरांच्या लग्नांत दिलेला आहेर ही ठेव. ऐन खर्चाच्या वेळी ती परत येते. तिला व्याज लागते तेही लोकांच्या तोंडाने ठरलेले. बँकेत ठेवलेला पैसा पुतण्या मागू शकतो. आहेरात गेलेला पैसा मागता येत नाही, आणि घर सोडून दुसऱ्या गावी गेलात, संबंध तुटले, की तो बुडतो. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ शहरी पत्रिकांवर आली ती ज्यांना फ्लॅट आणि फंड मिळाले होते अशांच्या घरांतून. सुधारणा म्हणून ती चांगलीच आहे. पण तिच्यामागे एक खाते बंद करण्याची ऐपत असावी लागते.

*

बाईने घरात ठेवलेल्या पैशाची राष्ट्रीय पातळीवर झडती झाली ती ८ नोव्हेंबर २०१६ नंतर. पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि डाळीच्या डब्यांतून, जुन्या पर्सांतून, देवघराच्या खणातून नोटा बाहेर आल्या. त्या बदलायच्या तर बँकेत भरायच्या, आणि भरायच्या म्हणजे घरात सांगायचे. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही असे सरकारने जाहीर केले. २०२१ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठानेही एका गृहिणीच्या अशा भरण्याला उत्पन्न मानायला नकार दिला. आयकर खात्यासमोरचा प्रश्न असा सुटला. स्वयंपाकघरातला सुटला नाही. ‘एवढे होते तर सांगितले का नाहीस?’ हे वाक्य त्या हिवाळ्यात कित्येक घरांत उच्चारले गेले असेल. सांगितले असते तर राहिले नसते, हे उत्तर बहुतेक जणी गिळून बसल्या असतील.

साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, हे उत्तर मोठ्याने दिले गेले. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी ताडपत्रीसाठी पैसे साठवायचे होते आणि रक्कम लहान म्हणून बँक खाते उघडून देईना. चेतना गाला सिन्हा यांनी त्यातून महिलांची बँक काढायचे ठरवले. प्रवर्तक बायांचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बाया साक्षरता वर्गाला बसल्या आणि पुन्हा जाऊन म्हणाल्या, व्याजाचा हिशोब घाला, तुमच्या अधिकाऱ्यांच्या आधी तोंडी करून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे कार्डाचा विषय निघाला तेव्हा बायांनी पिन नंबर नको म्हटले, अंगठ्याचा ठसा हवा : नंबर कोणी काढून घेऊ शकतो, अंगठा नाही. ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता तोच त्यांनी कुलूप म्हणून मागितला. तिथल्या बायांना आपले पैसे नेमके कोणापासून सांभाळायचे आहेत हे ठाऊक होते, आणि बँकेने ते ऐकून घेतले.

गेल्या काही वर्षांत घरांची निव्वळ वित्तीय बचत घटल्याची चर्चा आहे. २०२२-२३ मध्ये ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आसपास आली, कित्येक दशकांतला नीचांक. लोक उधळे झाले, हप्त्यावर फोन घेऊ लागले, असे म्हणून यावर अग्रलेख लिहिले गेले. हप्ते वाढले हे खरेच. पण घराचा हप्ता हाही ‘अडकलेत’ म्हणण्याचा आजचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे. आयटीतल्या मुलाने पंचविसाव्या वर्षी फ्लॅट का बुक केला, असे विचारले तर तो करसवलत सांगेल. गावाकडून येणाऱ्या मागण्यांना बँकेचा हप्ता हे उत्तर लागू पडते, हे सांगणार नाही. एसआयपीचेही तेच. पगार झाला की पाच तारखेला पैसे आपोआप जातात, म्हणजे मित्रापासूनही सुटले आणि स्वतःपासूनही.

ज्या बाईला या वाटा मोकळ्या नाहीत तिचे काय, हे पाहायचे तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले दोन आकडे शेजारी ठेवावेत. स्वतः वापरत असलेले बँक खाते आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होत्या, त्या २०१९-२१ मध्ये ७८.६ टक्के झाल्या. कसा खर्चायचा हे मी ठरवते असा थोडा तरी पैसा आहे, असे सांगणाऱ्या मात्र या दुसऱ्या पाहणीतही निम्म्याच्याच आसपास आहेत. २०२४ पासून महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेचे १५०० रुपये थेट बाईच्या आधार-जोडणी केलेल्या खात्यात येतात. ते तिच्या नावावर येतात याबद्दल शंका नाही. आल्याचा एसएमएस कोणाच्या फोनवर वाजतो आणि पैसे काढताना लागणारा ओटीपी कोण वाचतो, याचा रकाना कोणत्याही फॉर्मवर नाही. वस्तीतल्या भिशीच्या वहीत तो रकाना लागत नाही. तिथे रक्कम भर दुपारी, चहाच्या कपांशेजारी, हातात मोजून दिली जाते, आणि ती कुठे ठेवायची हे घेणारी ठरवते.